अर्जुन, सातवीण, शेवग्याचा पाला आणि ते ‘अँटिऑक्सिडंट’ : नक्की काय समजायचं?

पावशा
मंडळी नमस्कार. आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एका तक्त्याने धुमाकूळ घातलाय. कुठल्याशा शोधनिबंधातला फोटो आहे, डावीकडे झाडांची नावं, पान की साल ते, आणि उजवीकडे ‘डीपीपीएच आयसी ५०’ असं लिहून आकडे. त्यावर एका काकांनी ज्याचा आकडा सगळ्यात मोठा ते झाड सगळ्यात भारी असं ठरवून पहिला दुसरा तिसरा नंबर काढून टाकला आणि आता रोज सकाळी उपाशीपोटी कुणी काय उकळून प्यायचं त्याचं वेळापत्रकच आलंय ग्रुपवर. हसण्यावारी नेलं असतं पण परवा पऱ्याच्या कडेचा अर्जुन बघितला तर माणूसभर उंचीपर्यंत चारी बाजूंनी सोललाय. म्हणून इथे विचारतोय. हे अँटिऑक्सिडंट प्रकरण खरं किती, तो आकडा कसा वाचायचा, आणि आपल्याकडची कुठली पानं-साली खरंच घेण्यासारख्या आहेत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुरंगी
वाचनखूण साठवली. आमच्याकडे पण सेम तक्ता आलाय, फक्त खाली ‘नासाने मान्य केले’ अशी ओळ जास्त आहे.

रेडॉक्सराणी
पावशा, पहिली गोष्ट, काकांनी यादी उलटी लावलीय. आयसी ५० म्हणजे समोरच्या मुक्त कणांपैकी (फ्री रॅडिकल, त्यांना जे गप्प करतं ते अँटिऑक्सिडंट) अर्धे गप्प करायला अर्क किती लागला तो आकडा. म्हणजे जितका कमी तितका अर्क जोरकस. काकांचा पहिला नंबर तो खरं तर शेवटचा आहे :ड

आता डीपीपीएच म्हणजे काय ते सांगते, मी एमएस्सीला हेच करत बसले होते. डीपीपीएच हे एक रसायन आहे, मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं दिसतं. त्याच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय असतो, तो कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन मिळवायला बघतो, आणि पानाच्या किंवा सालीच्या अर्कातून तो मिळाला की जांभळा रंग उतरून पिवळट होतो. ५१७ नॅनोमीटरला रंग किती उतरला ते मोजायचं, शेजारी क जीवनसत्त्वाचा नमुना ठेवायचा तुलनेला, झालं. स्वस्त, अर्ध्या तासात होणारी टेस्ट आहे म्हणून प्रत्येक कॉलेजात होते. दुसरी एक असते फोलिन-सिओकाल्टो, त्यात निळा रंग येतो आणि एकूण फिनॉल (झाडातली अँटिऑक्सिडंट रसायनं बहुतेक ह्याच गटातली, टॅनिन पण) किती ते गॅलिक अ‍ॅसिडच्या हिशेबात काढतात. ती तर जरा जास्तच भाबडी, अर्कात क जीवनसत्त्व असलं किंवा काही साखरा असल्या तरी निळी होते.

पण ह्या सगळ्यात शरीर कुठेच नाहीये. परीक्षानळीत जांभळ्याचं पिवळं झालं म्हणजे तुमच्या रक्तात तसंच होईल असं अजिबात नाही. सालीतले मोठे मोठे टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारी रसायनं, आतड्यातून फारसे शोषलेच जात नाहीत, जे शोषले जातात त्यांना लिव्हर लगेच बदलून बाहेर काढायच्या मागे लागतं. आणि अजून एक, ह्या बऱ्याच टेस्ट मिथेनॉलच्या अर्कावर होतात. काका काढा पाण्यात उकळणार, अर्क वेगळा, आकडा वेगळा.

शंकासुर
+१. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच आकड्यांची, ओरॅक की काय म्हणतात त्याची, अख्खी यादी वेबसाईटवर ठेवली होती आणि २०१२ साली स्वतःहून काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे डब्यावर छापून माल विकायला लागल्या आणि त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता. आणि ज्यांना वाटतं की अँटिऑक्सिडंट जास्त घेतलं तर निदान तोटा तरी नाही त्यांनी फिनलंडची ट्रायल वाचा. २९ हजारांवर विडीकाडी ओढणारे पुरुष, त्यातल्या काहींना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या. १९९४ ला निकाल आला तर गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. पाठोपाठ अमेरिकेत तसलीच दुसरी ट्रायल चालू होती ती मध्येच थांबवायला लागली.

कषाय
शंकासुर, तुमचं खरं असलं तरी ती शुद्ध रसायनाची गोळी होती, सालीचा काढा नव्हे. मी वैद्य आहे, दोन शब्द बोलतो. आमच्या ग्रंथांत अँटिऑक्सिडंट हा शब्दच नाही त्यामुळे त्या नावाने आयुर्वेदाला पदक द्यायचीही गरज नाही आणि झोडपायचीही नाही. आम्ही रस म्हणजे चव बघतो. वड, उंबर, पिंपळ, पारसपिंपळ आणि पाखर ह्यांच्या साली म्हणजे पंचवल्कल, सगळ्या तुरट, त्याचा काढा प्रामुख्याने जखम धुवायला, गुळण्यांना. अर्जुनाची साल पोटात देतात पण तीही क्षीरपाक करून, म्हणजे एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. उपाशीपोटी पातेलंभर काळा काढा हे कुणी सांगितलं?

रेडॉक्सराणी
कषाय, दुधाचा मुद्दा मस्त आहे. टॅनिन प्रोटीनला घट्ट धरतं, म्हणून तर तुरट खाल्लं की तोंड सुकतं, लाळेतलं प्रोटीन पकडलं जातं. दुधात उकळल्यावर बरंचसं टॅनिन दुधातल्या प्रोटीनला चिकटत असणार आणि पोटाला कमी टोचत असणार. गंमत म्हणजे मग नळीतला आकडाही खाली यायला हवा! म्हणजे परंपरेने जी कृती दिली ती तक्त्यात मागे पडेल आणि काकांची पुढे जाईल.

गाबीतपोर
टॅनिनवरनं आठवलं. नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची असायची आणि ती खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ऐनाची साल मोठ्या भांड्यात उकळून त्यात बुडवायचे. आजोबा सांगायचे की अख्ख्या किनाऱ्याला तो वास असायचा आणि हात महिनाभर तांबडे. म्हणजे जे अँटिऑक्सिडंट म्हणून आता डबीत भरून विकतात तेच आमच्याकडे जाळ्याला लावायचे. जाळं टिकायचं हे मात्र खरं, आजोबांनी ते प्यायल्याचं ऐकिवात नाही.

पावशा
हाहा. गाबीतपोर, हे भारी आहे. पण मग ऐन आणि अर्जुन एकाच जातकुळीतले ना? आमच्याकडे काही जणांनी ऐनाची पण सोललीय अर्जुन समजून.

खाडीकाठ
हो, एकाच घरातले. ऐन, किंजळ, अर्जुन, बेहडा, हिरडा सगळे टर्मिनालिया. ऐन ओळखायला सोप्पा, खोड काळपट आणि मगरीच्या पाठीसारखं चौकोनी भेगाळलेलं. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, पांढरट-राखाडी, मध्ये मध्ये पापुद्रे सुटून गुलाबीसर दिसतं, आणि तो पाण्याच्या कडेला. बाजारात अर्जुन म्हणून ऐन मिसळलेला असतो हे जुनं दुखणं आहे. सीताअशोकाचं तर त्याहून वाईट, त्याच्या नावावर बंगल्यापुढे लावतात त्या उंच सरळ खोट्या अशोकाची साल जाते. तक्त्यातला आकडा एका झाडाचा आणि पुडीत साल दुसऱ्याच झाडाची असली तर काय घ्या.

सातेरीचो_झील
आमच्याकडे चावदिशी (नरकचतुर्दशीक) फाटफटीक उठान आंघोळ, तुळशीकडे कारीट फोडूचा आणि मगे सातविणीचो रस. आजी वाटयेत घालून हातात देय, नाय म्हणूची सोय नाय. कडूजार! तेच्यानंतर गोडे पोहे. वर्षातना एकदाच आणि तो पण घोटभर. रोज पिऊक सांगणारो तुमचो काका खयच्या गावचो ता आधी इचार.

सुरंगी
झीला, अगदी अगदी. आम्ही भावंडं नाक दाबून प्यायचो आणि गूळ आधीच मुठीत लपवलेला असायचा.

रेडॉक्सराणी
सातविणीत कडू जे आहे ते मुख्यत: अल्कलॉईड (झाडातली नायट्रोजनवाली रसायनं, काही औषधी, काही विषारी), एकिटामिन वगैरे. तुरट म्हणजे टॅनिन-फिनॉलकडे झुकतं आणि कडूजार म्हणजे बहुतेक वेळा अल्कलॉईडकडे, हा अगदी ढोबळ अंदाज हां, ह्यावर कुणी निर्णय घेऊ नका. मुद्दा असा की सातविणीच्या रसाचं जे काय चांगलं-वाईट व्हायचं ते ह्या अल्कलॉईडमुळे होणार आणि अँटिऑक्सिडंटच्या तक्त्यात अल्कलॉईड दिसतच नाहीत. विषारी झाड असलं आणि त्यात फिनॉलही भरपूर असले तर ते तक्त्यात ऐटीत वरच्या नंबरावर बसेल.

खाडीकाठ
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. ह्याच्यावर मी जरा मोठं लिहितो, कंटाळलात तरी वाचा.

दक्षिण कन्नड आणि उडुपीकडे तुळू लोकांत आटी महिन्याच्या अमावास्येला, म्हणजे आपल्या आषाढी अमावास्येला, सातविणीच्याच सालीचा रस पितात. उजाडायच्या आधी काळोखात जाऊन दगडाने साल ठेचून काढायची, लोखंड लावायचं नाही अशी रीत. आता काळोखात आणि घाईत, आणि हल्ली झाडं ओळखणारी माणसं कमी, त्यामुळे सातविणीऐवजी काजऱ्याची साल आणून पिण्याने विषबाधा झाल्याच्या बातम्या तिकडून आल्यात, माणसं दगावलीत. काजरा म्हणजे कुचला, स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन ही विषं त्याच्या बीमध्येच नाही तर सालीत पण. आणि काजरा आपल्याकडे पण सड्यावर, कुंपणाला, देवराईच्या कडेला पडीक जागेत भरपूर आहे. चवीवरून कळेल म्हणाल तर दोन्ही कडूच.

ओळख अशी: सातविणीची पानं एका ठिकाणाहून चक्रासारखी निघतात, पाच ते सात, नाव त्यावरूनच. पान तोडलं किंवा साल खरवडली की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं समोरासमोर दोन दोन, रुंद, चकचकीत, देठाकडूनच तीन ते पाच शिरा लांब निघालेल्या, चीक नाही, आणि फळं नारिंगी गोल, छोट्या संत्र्यासारखी. पानाचं चक्र आणि पांढरा चीक दोन्ही दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. पण पांढरा चीक दिसला की सातवीणच असंही नाही, रुई, कण्हेर, चाफा सगळ्यांना चीक असतो आणि कण्हेर पण जीवघेणी. दिवसा उजेडी आदल्या दिवशी झाड बघून ठेवा आणि नुसती तुकडा साल आणून देणाऱ्याची तर अजिबात घेऊ नका, सोललेल्या तुकड्यावरून मला पण सांगता येणार नाही.

सातेरीचो_झील
आमच्याकडे म्हणान एकच झाड ठरलेला असा, घाटीयेकडचा. दुसऱ्या झाडाक कोण हात लावणा नाय. आता समाजला कित्याक ता.

शंकासुर
खाडीकाठ, हा प्रतिसाद वेगळा धागा काढून वर डकवून ठेवायला पाहिजे. ह्यापुढे अँटिऑक्सिडंट किती ह्या प्रश्नाला काय अर्थ उरतो.

कषाय
अर्थ उरतो हो, एवढंही निराश होऊ नका. अर्जुनावर माणसांत अभ्यास झालेत. २००१ साली एक झाला, १०५ हृदयरोगी, रोज ५०० मिलिग्रॅम सालीची पूड महिनाभर, कोलेस्टेरॉल उतरलं होतं.

रेडॉक्सराणी
हो, आणि त्याच्या पुढचा पण सांगायला हवा, २०१६ चा, दिल्लीच्या एम्सचा. हार्ट फेल्युअरचे पेशंट, सालीचा पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे, कुणाला खरा अर्क मिळतोय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही. निकाल काय, तर हृदयाची पंप करायची ताकद, ते इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात ते, सुधारलं नाही. रक्तातली अँटिऑक्सिडंट यंत्रणा मात्र सुधारलेली दिसली आणि काही पेशंटना चालण्या-फिरण्यात बरं वाटलं. मला हा अभ्यास फार प्रामाणिक वाटतो. ज्याच्यासाठी आपण साल घेतो ते हृदय तिथेच राहिलं आणि अँटिऑक्सिडंटचा आकडा वर गेला. म्हणजे माणसाच्या रक्तात आकडा सुधारला तरी आजार सुधारेलच असं नाही, मग परीक्षानळीतल्या आकड्याचं काय घेऊन बसायचं.

बागायतदार_दापोली
सगळे नुसते हार्टवरच बसलात. आमच्याकडे नारळी-पोफळीत दालचिनी आहे, कृषी विद्यापीठाची कोकण तेज जात. सालीत सिनॅमाल्डिहाइड, पानात युजेनॉल, म्हणजे एकाच झाडाचं पान आणि साल दोन वेगळ्या वस्तू आहेत. पान चुरगळलं तर लवंगेचा वास येतो बघा. तेव्हा ‘दालचिनी चांगली’ असं कुणी म्हटलं तर मी विचारतो पान का साल.

आणि बाजारात जी जाड, खडबडीत, एकाच थराची मिळते ती बहुतेक कॅशिया असते. तिच्यात कूमारिन जास्त, ते लिव्हरला त्रास देऊ शकतं. युरोपवाल्यांनी ठरवलेली मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६, आणि ती कॅशियाच्या साधारण दोन ग्रॅम पुडीतच भरते. रोज चमचा चमचा दालचिनी-मध घेणारे लोक आहेत माझ्या ओळखीत, वजन उतरायला. आमच्यासारखी पातळ पापुद्र्यांची खरी दालचिनी असली तर कूमारिन नावापुरतं. जाहिरात नाही करत आहे, यंदाची संपलीय पण.

सुरंगी
एक प्रश्न, बाळबोध असेल. आंब्याच्या पानात पण काहीतरी आहे म्हणे, मँगिफेरिन? आमच्या दारात कलमं आहेत. तोरण उकळायचं का आता?

रेडॉक्सराणी
मँगिफेरिन खरं आहे, पानात पण असतं आणि सालीत पण, आणि नळीतल्या टेस्टमध्ये खूप छान वागतं. क्युबामध्ये आंब्याच्या सालीचा अर्क विमांग नावाने विकतात. पण तोरण नको गं, फवारणी झालेली असते मोहोराच्या दिवसांत आणि ज्यांना आंब्याचा चीक उततो त्यांना पानांनीही त्रास होऊ शकतो.

सुरंगी
मग पाला-बिला काही खायचाच नाही का :(

कषाय
खा की. शेवग्याचा खा. तो औषध म्हणून नाही, भाजी म्हणून.

सातेरीचो_झील
गोकुळाष्टमीक शेगलाची भाजी आणि आंबोळ्ये! काळ्या वाटाण्याचा सांबार बाजूक. ह्या सोडून लोक त्येची पावडर इकत घेतत, हिरव्या डब्यातली.

रेडॉक्सराणी
झील +१००. शेवग्याच्या पानात क्वेर्सेटिन आहे, क्लोरोजेनिक अ‍ॅसिड आहे, बीटा कॅरोटिन आहे, आणि शंकासुर लगेच फिनलंड काढतील म्हणून सांगते, भाजीतून जातं ते थोडं, तेलाखोबऱ्यासकट आणि बाकी शंभर गोष्टींसकट. गोळीतून जातं तसं नाही. ताजा कोवळा पाला, झाकण ठेवून पटकन वाफवायचा, काळा होईपर्यंत परतायचा नाही. माझा स्वतःचा सगळा अभ्यास करून झाल्यावर जो काय निष्कर्ष आहे तो एवढाच की जे पान आपण भाजी म्हणून पोटभर खाऊ शकतो त्याला आकड्याची गरज नाही आणि जी साल पोटभर खाता येत नाही तिला आकडा कामाचा नाही, तिथे झाड कुठलं, मात्रा किती आणि कुणाला द्यायची हेच बघायला लागतं.

आणि बायकांसाठी मुद्दाम, हिमोग्लोबिन कमी असेल तर हे तुरट काढे जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर नका घेऊ, टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहाचं पण तेच.

शंकासुर
लिव्हरचं पण लिहा. कोविडमध्ये सगळे गुळवेल पीत होते तेव्हा २०२० च्या शेवटी शेवटी मुंबईत लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने मान्य केलं नाही, वाद झाला.

कषाय
वाद अजून मिटलेला नाही आणि त्यात खरी गुळवेल किती जणांनी घेतली हाही प्रश्न आहेच. पण तुमच्या मूळ मुद्द्याशी सहमत, महिनोन्महिने रोज काढा हे कुठल्याही वैद्याच्या देखरेखीशिवाय करू नये. बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा, वैद्यालाही सांगा, दोघांपासून लपवू नका.

पावशा
खूप खूप आभार सगळ्यांचे. ग्रुपवर यादी उलटी आहे एवढं जरी टाकलं तरी गोंधळ उडेल. आता तो सोललेला अर्जुन, त्याचं काय करता येईल का? वाचेल का?

खाडीकाठ
चारी बाजूंनी गोल सोलला असेल तर कठीण आहे. सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं, तो गोल तुटला की मुळं उपाशी. झाड लगेच मरत नाही म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही, वर पानं हिरवीच असतात, आणि मग सावकाश सुकत जातं. नीट बघा, कुठे उभी पट्टी साल शिल्लक आहे का, अरुंद जरी असली तरी आशा आहे. उरलेल्या सालीला आता कुणालाही हात लावू देऊ नका, जखमेवर डांबर-बिंबर फासू नका, आणि मुळाशी माती उघडी पडली असेल तर झाकून घ्या. पुढल्या वेळी साल हवीच असली तर मोठ्या झाडाची, एकाच बाजूने, उभी अरुंद पट्टी, आतलं लाकूड न दुखावता. त्याहून बरं म्हणजे पडलेल्या किंवा छाटलेल्या फांदीची.

बागायतदार_दापोली
म्हणूनच दालचिनी बरी, फांद्या तोडायच्या आणि सोलायच्या, बुंध्याला परत धुमारे येतात.

पावशा
आज जाऊन बघून आलो. पाण्याच्या बाजूला वीतभर पट्टी आहे शिल्लक, तिकडून पाय टाकायला जागा नव्हती म्हणून वाचली. भोवती काट्या लावून आलोय. जाता जाता, सातवीण लावायची असेल तर बी कधी मिळतं? आमच्या वाडीत एकही उरलेली नाही.

खाडीकाठ
दिवाळीच्या आसपास फुलते, मग लांब शेंगा जोडीने लोंबतात, उन्हाळ्याकडे त्या उकलायच्या आत काढा नाहीतर बिया उडून जातात, दोन्ही टोकांना केस असतात त्यांना. ताजं बी लगेच पेरा, चांगलं रुजतं. फक्त खिडकीजवळ लावू नका, फुलांचा वास रात्री इतका उग्र येतो की काही जणांचं डोकं धरतं.

सुरंगी
आमच्या शेजाऱ्यांनी ह्याच कारणासाठी तोडली :( पावशा, शेंगा मिळाल्या की मला पण पाठवा.